न्यूयॉर्कच्या धनिक स्त्रियांवर ऐतिहासिक कादंबरी कशी लिहावी

१८७० ते १९०० या तीस वर्षांत न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर श्रीमंत घराण्यांचे जे जग उभे राहिले, त्यावर मराठीत कादंबरी लिहावी असे वाटणारे लेखक अलीकडे बरेच भेटतात. अशी हस्तलिखिते वाचताना एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते. पहिली पन्नास पाने झुंबरे, संगमरवर आणि रेशमी झगे यांच्या वर्णनात जातात आणि गोष्ट काही केल्या सुरू होत नाही. या स्त्रियांचा खरा झगडा दोन ठिकाणी चालत असे: कोणी कोणाच्या दारी जायचे याच्या नियमांत, आणि पैसा कोणाच्या नावावर आहे या प्रश्नात. ही दोन सूत्रे घट्ट धरली तर कथानक त्यांतूनच निघते आणि झुंबरे आपल्या जागी टांगली जातात. पुढील पायऱ्या त्याच बेताने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: दोन तारखा ठरवा आणि मधली वर्षे भरून काढा

तीन पिढ्यांची गाथा लिहायची असली तरी तिचा आरंभ आणि शेवट कोणत्या दिवशी होतो हे आधी ठरवावे. आरंभासाठी ४ जानेवारी १८७७ हा दिवस मला फार सोयीचा वाटतो. त्या दिवशी बोटींच्या आणि रेल्वेच्या धंद्यात गबर झालेला कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट वारला. मागे ठेवलेल्या सुमारे दहा कोटी डॉलरांतील बहुतेक सारा वाटा त्याने विल्यम हेन्री या एकाच मुलाला दिला, मुलींच्या पदरी त्या मानाने चिल्लर पडली आणि मृत्युपत्रावरून भावंडांत कोर्टकज्जा सुरू झाला. विल्यम हेन्रीने ती संपत्ती आठ-नऊ वर्षांत जवळजवळ दुप्पट केली आणि डिसेंबर १८८५ मध्ये तोही गेला. न्यूयॉर्कमधील जुनी डच आणि इंग्रज घराणी ज्या पैशाला नाक मुरडत होती, तो हा पैसा.

शेवटासाठी १० फेब्रुवारी १८९७ हा दिवस घेता येईल. १८९३ च्या आर्थिक कोसळणीनंतर हजारो लोक बेकार असताना ब्रॅडली मार्टिन दांपत्याने वॉल्डॉर्फ हॉटेलात राजेशाही वेषांतराचा नाच दिला, वर्तमानपत्रांनी आणि धर्मोपदेशकांनी त्यावर झोड उठवली, आणि ते दांपत्य पुढे इंग्लंडात जाऊन राहिले. वीस वर्षांचा हा पट एका कादंबरीला पुरेसा आहे.

मग वहीत एक कालरेषा आखावी आणि तीत घराण्यांच्या घटनांबरोबर शहरातील घटनाही टिपाव्यात. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनचे पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र सुरू झाले, २४ मे १८८३ रोजी ब्रुकलिन पूल खुला झाला, ऑक्टोबर १८८६ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि मार्च १८८८ मधील हिमवादळाने शहर काही दिवस ठप्प केले. १८७९ सालच्या प्रसंगात नायिकेने विजेचे बटण दाबले तर जाणकार वाचक पुस्तक तिथेच मिटतो. या काळाला आपण 'गिल्डेड एज', म्हणजे सोनेरी मुलाम्याचे युग, म्हणतो; त्या नावाबाबतही सावध असावे. ते मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांच्या १८७३ मधील कादंबरीवरून आलेले असले तरी त्या कालखंडाला ते बरेच नंतर चिकटले. पात्रांच्या तोंडी ते घालू नये.

दुसरी पायरी: प्रत्येक स्त्रीपात्राचा जमाखर्च लिहा

या पायरीकडे बहुतेक लेखक काणाडोळा करतात. प्रत्येक महत्त्वाच्या स्त्रीपात्रासाठी एक पान घ्यावे आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: माहेरचा पैसा कशातून आला, तो तिच्या नावावर आहे की विश्वस्तांच्या हाती, नवऱ्याने तिला काय बांधून दिले आहे, आणि उद्या नवरा मेला किंवा घटस्फोट झाला तर तिच्याजवळ काय उरेल.

न्यूयॉर्क राज्यात विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा हक्क १८४८ च्या कायद्याने मिळू लागला होता. म्हणून 'तिला काहीच हक्क नव्हते' असे सरसकट लिहिणे चुकीचे ठरेल. तरीही मोठा पैसा बाप आणि नवरा यांच्याच हाती फिरत असे, मुलीला तो बहुधा विश्वस्त निधीच्या रूपाने मिळे, आणि मुद्दलावर सही दुसऱ्याचीच असे. घटस्फोटाची वाट तर फारच अरुंद होती, कारण न्यूयॉर्कचा कायदा व्यभिचार सिद्ध झाल्याखेरीज तो देत नसे. ज्यांना जमे ते साउथ डाकोटासारख्या सैल कायद्याच्या राज्यात काही महिने मुक्काम ठोकून घटस्फोट मिळवीत. कादंबरीकाराला यातून तयार प्रसंग मिळतात: गुप्तपणे नेमलेला वकील, पाळतीवरचा माणूस, आणि खऱ्या-खोट्या पुराव्यांची जुळवाजुळव. आयकराचा जाच नव्हता. १८९४ मध्ये झालेला आयकराचा कायदा दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्यामुळे पैसा किती वेगाने साचत होता याचा अंदाज येतो.

आकडा प्रसंगात कसा उतरवावा याचे एक उदाहरण देतो. १८९५ मध्ये कॉन्स्वेलो व्हँडरबिल्टचे लग्न मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी झाले, तेव्हा बीच क्रीक रेल्वे कंपनीचे पंचवीस लाख डॉलरचे शेअर विश्वस्त निधीत ठेवण्यात आले आणि त्यांवर किमान चार टक्के लाभांशाची हमी देण्यात आली. म्हणजे ड्यूकसाहेबांना वर्षाला निदान एक लाख डॉलरची सोय, तीही आयुष्यभर. आपल्याकडचा वाचक याला बेधडक हुंडाच म्हणेल आणि फारसे चुकणार नाही. मात्र लेखकाने निवेदनात तसे म्हणू नये. वकिलांच्या टेबलावर ते कागद कसे उलटले जातात, कंपनीचे नाव कसे वाचले जाते आणि अठरा वर्षांची मुलगी त्या खोलीत नाही, एवढे दाखवावे.

तिसरी पायरी: दाराशी येणारे कार्ड

आता या जगाच्या नियमांकडे वळू. कादंबरीचा कणा येथे आहे, म्हणून या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा.

व्हिजिटिंग कार्ड हे त्या समाजाचे चलन होते. एखादी बाई दुसरीकडे गेली की नोकराच्या तबकात कार्ड ठेवी. विवाहित स्त्री यजमानीणबाईंसाठी स्वतःचे एक कार्ड ठेवी आणि नवऱ्याची दोन, एक बाईंसाठी व एक त्यांच्या यजमानांसाठी. कोपरा दुमडलेला असला तर कार्ड नोकराहाती न पाठवता स्वतः आणून दिले असा अर्थ होई. 'बाई घरी नाहीत' असे नोकराने सांगितले तर बाई घरी नाहीत असे समजायचे नसे. त्या भेटू इच्छित नाहीत एवढेच समजायचे, आणि त्यात अपमानही मानायचा नसे, जर पुढच्या काही दिवसांत परतभेट किंवा परतकार्ड आले तर. ते आले नाही की निकाल लागला. भेट झाली तरी ती पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे जात नसे. मराठी लग्नातील मानपान ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला हे सारे समजावून सांगावे लागत नाही.

या व्यवस्थेच्या शिखरावर कॅरोलाइन ॲस्टर बसली होती. माहेरचे आडनाव शेरमरहॉर्न, जन्म १८३०, जुन्या डच रक्ताची. तिचा सल्लागार वॉर्ड मॅकॲलिस्टर. त्याने १८७२ मध्ये पंचवीस प्रतिष्ठित पुरुषांची 'पॅट्रिआर्क्स' नावाची मंडळी जमवली, आणि त्यांनी डेल्मोनिकोच्या उपाहारगृहात दिलेल्या नाचांचे आमंत्रण ही प्रतिष्ठेची मोहोर ठरली. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू समाजात मोजून चारशे माणसे आहेत हे वाक्य मॅकॲलिस्टरचेच. १८९२ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात त्याची यादी छापून आली तेव्हा तीत चारशे नावे भरलीच नाहीत, तीनशेच्या आसपासच निघाली. ज्यांची नावे नव्हती ते रागावले आणि ज्यांची होती त्यांनाही ती चव्हाट्यावर आल्याचा राग आला. असा बडबड्या मनुष्य कोणत्याही कादंबरीला लाभावा, पण त्याला दोन-तीन प्रकरणांपेक्षा जास्त जागा देऊ नये, कारण तो सगळा प्रकाश खाऊन टाकतो.

कार्डावरून प्रत्यक्ष झालेले एक भांडण तर लेखकासाठी आयतेच आहे. १८९० मध्ये ॲस्टर घराण्याची थोरली पाती जॉन जेकब ॲस्टरच्या मृत्यूमुळे त्याचा मुलगा विल्यम वॉल्डॉर्फ याच्याकडे आली. कार्डावर नवऱ्याचे नाव न घालता नुसते 'मिसेस ॲस्टर' लिहिण्याचा मान आता आपल्या बायकोचा, असे त्याचे म्हणणे. कॅरोलाइन ही त्याची काकू, आणि ती ते दोन शब्द सोडायला तयार नव्हती. अखेर पुतण्या इंग्लंडला निघून गेला, आणि काकूच्या घराला लागून असलेले आपले घर पाडून तिथे त्याने तेरा मजली वॉल्डॉर्फ हॉटेल उभारले. ते १८९३ मध्ये सुरू झाले. काकूला अखेर पासष्टाव्या रस्त्याकडे नवे घर बांधावे लागले आणि तिच्या जुन्या घराच्या जागी ॲस्टोरिया हॉटेल आले. आज त्या जमिनीवर एम्पायर स्टेट इमारत आहे. चार इंचाच्या कागदावरचे दोन शब्द ते गगनचुंबी इमारत, हा प्रवास पाच-सहा दृश्यांत सहज मांडता येतो: कार्ड छापणाऱ्याचे दुकान, नोकराने टपाल देताना केलेला घोळ, जेवणाच्या टेबलावरचे मौन, आणि खिडकीबाहेर सुरू झालेले खोदकाम.

ऑपेराचे बॉक्स, म्हणजे प्रेक्षागृहातील खाजगी कक्ष, हा याच नियमांचा दुसरा चेहरा. चौदाव्या रस्त्यावरील ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये अवघे अठरा बॉक्स होते आणि ते जुन्या घराण्यांनी दाबून ठेवले होते. विल्यम हेन्री व्हँडरबिल्टने एका बॉक्ससाठी तीस हजार डॉलर देऊ केले तरी दाद मिळाली नाही असे सांगतात. मग नव्या धनिकांनी स्वतःचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसच बांधले. २२ ऑक्टोबर १८८३ रोजी ते 'फाउस्ट'ने उघडले, आणि तीन वर्षांत ॲकॅडमीने ऑपेराचा नाद सोडला. पात्रांना गाण्याची गोडी असल्याचे दाखवायचे असेल तर अवश्य दाखवा, पण त्या रात्री बहुतेक दुर्बिणी रंगमंचाकडे नव्हत्या.

चौथी पायरी: वर्षाचे चक्र

प्रकरणांची आखणी करताना ऋतुचक्राचा तक्ता भिंतीवर लावावा. नोव्हेंबरात घोड्यांच्या प्रदर्शनाने हंगामाची सुरुवात, मग ऑपेरा, त्यात सोमवारची रात्र मानाची. जानेवारीत मिसेस ॲस्टरचा वार्षिक नाच. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात मोठे समारंभ थांबत. वसंतात आगबोटीने पॅरिस किंवा लंडन, कपड्यांची खरेदी. जुलै-ऑगस्टमध्ये न्यूपोर्टची समुद्रकाठची घरे, ज्यांना ही मंडळी लाडाने 'कॉटेज' म्हणत. यांपैकी व्हँडरबिल्टांच्या 'ब्रेकर्स' या १८९५ मध्ये पुऱ्या झालेल्या कॉटेजमध्ये सत्तर खोल्या होत्या.

मृत्यू हे चक्र मोडतो. नवऱ्याच्या पश्चात स्त्रीने सुमारे दोन वर्षे काळे वस्त्र घालावे आणि समारंभांपासून दूर राहावे अशी रीत होती. १८९२ मध्ये कॅरोलाइन ॲस्टरचा नवरा वारला आणि न्यूयॉर्कचा सर्वांत मोठा दिवाणखाना बंद झाला. सत्ता हातची जाऊ द्यायची नाही आणि शोकही पाळायचा, या पेचावर एक आख्खा भाग लिहिता येईल.

पाचवी पायरी: कपडे, पण बेताने

फॅशनचे वर्ष चुकू नये म्हणून एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. १८७० च्या दशकाच्या आरंभी झग्याला मागून फुगवटा, १८७८ ते १८८२ च्या सुमारास अंगालगत निमुळता घाट, १८८३ नंतर फुगवटा पुन्हा आणि आधीपेक्षा ताठ, १८९० च्या दशकाच्या मध्यावर खांद्यापाशी फुगलेल्या अवाढव्य बाह्या. उत्तम कपडे पॅरिसच्या चार्ल्स फ्रेडरिक वर्थकडून येत. दासीशिवाय हे कपडे घालता-काढता येत नसत. म्हणून वेषभूषेचे दृश्य हे नेहमी दोन स्त्रियांचे दृश्य असते आणि त्यातले संवाद झग्यापेक्षा महत्त्वाचे.

एकच झगा जवळून दाखवायचा झाला तर ॲलिस व्हँडरबिल्टचा दाखवावा. २६ मार्च १८८३ च्या रात्री, ईस्टरच्या सोमवारी, तिची जाऊ ॲल्व्हा हिने फिफ्थ ॲव्हेन्यूवरील नव्या घरात वेषांतराचा नाच दिला. ॲलिस तेथे 'विजेचा दिवा' होऊन आली. झगा वर्थचा, सोनेरी-पिवळ्या साटनचा, त्यावर जरीसारख्या धातूच्या तारांचे काम, आणि स्वातंत्र्यदेवीसारखा उंचावलेल्या हातात दिवा. तो पेटवण्यासाठी झग्यात बॅटरी दडवली होती असे म्हणतात. पर्ल स्ट्रीटचे केंद्र सुरू होऊन तेव्हा सात महिनेही झाले नव्हते आणि बहुसंख्य शहर गॅसवर जळत होते. हा झगा न्यूयॉर्क शहराच्या संग्रहालयात अजून आहे. ज्या वस्तूमुळे काळ, पैसा आणि मिरवण्याची हौस तिन्ही एकदम कळतात, अशीच वस्तू निवडावी. बाकीच्या बाराशेभर पाहुण्यांचे कपडे सांगण्याचा मोह टाळावा.

सहावी पायरी: एक स्त्री निवडा आणि तिला सोपी करू नका

गाथेला मध्यवर्ती स्त्री हवी. ती कल्पित असणे उत्तम, परंतु तिचा घाट घडवताना ॲल्व्हा व्हँडरबिल्टच्या चरित्राचा अभ्यास करावा, कारण इतके परस्परविरोधी धागे एका आयुष्यात क्वचित सापडतात.

ती १८५३ मध्ये अलाबामातील मोबील येथे जन्मली. यादवी युद्धानंतर घरची परिस्थिती खालावली. १८७५ मध्ये तिने 'कमोडोर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉर्नेलियसच्या नातवाशी, विल्यम किसम व्हँडरबिल्टशी लग्न केले. वर उल्लेखिलेल्या १८८३ च्या नाचाबद्दल एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. मिसेस ॲस्टरची मुलगी कॅरी मैत्रिणींबरोबर त्या रात्रीच्या सामूहिक नृत्याची तालीम करत होती. ॲल्व्हाने खेद व्यक्त केला की मिसेस ॲस्टर आपल्या घरी कधी आल्याच नसल्याने त्यांच्या मुलीला आमंत्रण धाडणे रीतीला धरून होणार नाही. मग ॲस्टरांची गाडी फिफ्थ ॲव्हेन्यूने वर आली आणि नोकराने कार्ड दिले. ही गोष्ट इतकी घोटीव आहे की ती पुढे रचली गेली असावी असा संशय अभ्यासकांनी घेतला आहे, आणि मलाही तो रास्त वाटतो. कादंबरीकाराने ती जशीच्या तशी घेण्यापेक्षा ती कोण सांगत आहे हे दाखवावे. ॲल्व्हाच्या पक्षाची एखादी बाई ती रंगवून सांगते, ॲस्टरांची जुनी दासी ती ऐकून ओठ मुडपते, आणि खरे काय ते वाचकाला कळत नाही.

पुढे १८९२ मध्ये न्यूपोर्टचे 'मार्बल हाउस' पुरे झाले, ज्यावर एक कोटी दहा लाख डॉलर खर्च झाल्याचे आणि त्यांतील सत्तर लाख नुसत्या संगमरवरावर गेल्याचे सांगितले जाते. मार्च १८९५ मध्ये ॲल्व्हाने नवऱ्याच्या व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट घेतला. ज्या वर्तुळात अशा बाईला दारे बंद होत, तिथे तिने मान ताठ ठेवून वावर चालू ठेवला. आणि त्याच वर्षी, ६ नोव्हेंबरला, तिने मुलीला, म्हणजे कॉन्स्वेलोला, मार्लबरोच्या ड्यूकशी लग्न करायला लावले. मुलीचे मन दुसरीकडे गुंतले होते. १९०६ मध्ये ती दोघे विभक्त झाली, १९२१ मध्ये घटस्फोट झाला, आणि १९२६ मध्ये कॅथलिक धर्मपीठासमोर विवाह रद्दबातल ठरवण्याचे प्रकरण चालले तेव्हा ॲल्व्हाने स्वतः साक्ष दिली की मुलीवर आपण जबरदस्ती केली होती.

हीच स्त्री १९०९ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मार्बल हाउसची दारे उघडते, संघटना स्थापते, पैसा ओतते आणि संप करणाऱ्या कामगार मुलींच्या बाजूने उभी राहते. १९३३ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या इच्छेनुसार तिची शवपेटी स्त्रियांनी वाहिली. मुलीला विकणारी आई आणि स्त्रियांच्या हक्कांची पुढारी ही एकच व्यक्ती आहे. हस्तलिखितांत तिला एकतर खलनायिका करतात किंवा शेवटच्या प्रकरणात पश्चात्तापाने पावन करून घेतात, आणि दोन्ही वेळा पात्र मरते. मी तरी असे सुचवेन की ज्या हट्टाने तिने मुलीचे लग्न लावले त्याच हट्टाने ती मोर्चा काढते, एवढे दिसू द्यावे आणि निवाडा वाचकावर सोडावा.

सातवी पायरी: जिन्याखालचे आणि रस्त्यापलीकडचे लोक

या घरांतील नोकरवर्गात आयर्लंडहून आलेल्या मुली फार मोठ्या संख्येने होत्या. घरातील प्रत्येक गुपित त्यांना आधी कळे, आणि 'टाउन टॉपिक्स'सारखी कुचाळकीची साप्ताहिके अशा आतल्या बातम्यांवर जगत. फिफ्थ ॲव्हेन्यूपासून काही मैलांवर लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा इमारतींत एकेका खोलीत कुटुंबे कोंबलेली होती, ज्यांची छायाचित्रे जेकब रीसने १८९० मध्ये जगापुढे ठेवली. ब्रुकलिनमध्ये सुशिक्षित, सुस्थित कृष्णवर्णीय कुटुंबांचा वेगळा प्रतिष्ठित समाज होता. न्यूयॉर्क राज्यातील पहिली कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर सुसान मॅकिनी त्याच समाजातील. श्रीमंत स्त्रिया म्हटले की फक्त गोऱ्या स्त्रियाच डोळ्यांपुढे आणणे हे या विषयातील नेहमीचे आळशीपण आहे. अशा पात्रांना नायिकेच्या दयेचे निमित्त म्हणून आणू नये. त्यांना स्वतःचे काम आणि स्वतःचा हिशेब असू द्यावा.

आठवी पायरी: मराठी कोणती वापरावी

संवाद लिहायला बसले की पहिला प्रश्न तू, तुम्ही आणि आपण यांचा. हस्तलिखित सुरू करण्यापूर्वीच कोण कोणाला काय म्हणतो याचा तक्ता करावा. त्या वर्गातील बायका चारचौघांत नवऱ्याचा उल्लेख 'मिस्टर ॲस्टर' असाच करत. मराठीत त्याला 'तुम्ही' शोभेल, परंतु 'अहो' मात्र टाळावे, कारण त्या एका हाकेसरशी वाचक फिफ्थ ॲव्हेन्यूवरून थेट सदाशिव पेठेत येतो. आई मुलीला 'तू' म्हणेल. मुलीने आईला 'तुम्ही' म्हणावे की 'तू' हे त्या घरातील दुराव्यावर ठरवावे, आणि एकदा ठरवलेले ज्या क्षणी बदलेल तो क्षण जपून वापरावा. सोयरीक, मानपान, खानदान, माहेर हे शब्द निवेदनात बेलाशक चालतात. कन्यादान, सौभाग्य, सुतक यांना मात्र त्या घरांत प्रवेश देऊ नये.

त्या काळचे मराठी कान तयार करायचे तर पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील १८८९ मधील प्रवासवृत्त वाचावे. आगगाडी, शाळा, घरे, बायकांच्या संस्था यांबद्दल एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्री प्रत्यक्ष पाहून कसे लिहिते, हे त्यात मिळते. खरे धागेही आहेत. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या, म्हणजे ॲल्व्हाच्या नाचानंतर दहा आठवड्यांनी, आणि न्यू जर्सीत रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली तेव्हा रमाबाई तेथे हजर होत्या. रमाबाईंच्या मदतीसाठी १८८७ मध्ये बॉस्टनला संस्था निघाली आणि तिच्या देणग्यांवर मुंबईत शारदा सदन सुरू झाले.

मात्र यांपैकी कोणालाही ओढूनताणून मिसेस ॲस्टरच्या दिवाणखान्यात नेऊन बसवू नये. त्यांचा वावर सुधारक, शिक्षिका, धर्मोपदेशक आणि दारूबंदीच्या चळवळीतील स्त्रियांत होता. त्यांच्या वर्गणीच्या यादीत तुमच्या कल्पित नायिकेची एखादी मावशी शोभून दिसेल. अमेरिकी पैसा आणि हिंदुस्थान यांची थेट गाठ हवी असेल तर मेरी लायटर आहे. शिकागोच्या धनाढ्य व्यापाऱ्याची ही मुलगी १८९५ मध्ये जॉर्ज कर्झनला दिली गेली आणि १८९८ च्या डिसेंबरअखेर भावी व्हाइसरॉयची पत्नी म्हणून मुंबई बंदरात उतरली. १९०३ च्या दिल्ली दरबारातील तिचा मोरपिसांच्या नक्षीचा झगा भारतीय कारागिरांनी भरलेल्या कापडाचा होता, आणि तो शिवून घेतला वर्थकडे.

नववी पायरी: साधने वापरताना

त्या काळची अमेरिकी वर्तमानपत्रे आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर वाचायला मिळतात, आणि नाचाच्या दुसऱ्या दिवशीचा वृत्तांत हे सर्वांत रसाळ साधन आहे. परंतु यजमानीणबाई स्वतःच बातमीदारांना आधी घर दाखवत, पाहुण्यांच्या वेषांची माहिती पुरवत आणि खर्चाचे आकडे पसरू देत. ॲल्व्हाच्या नाचावर अडीच लाख डॉलर खर्च झाले हा आकडा त्याच वाटेने आला आहे असे समजून वापरावा. मॅकॲलिस्टरच्या १८९० मधील आठवणींत फुशारकी बरीच आहे. कॉन्स्वेलोने उतारवयात आठवणी लिहिल्या तेव्हा लग्नाला अर्धशतक उलटून गेले होते. शिष्टाचाराची पुस्तके नियम सांगतात, पण ती बहुतेक त्या समाजात शिरू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेली असत. आत जन्मलेल्यांना ती लागत नसत. त्यामुळे जे पात्र नियम तंतोतंत पाळते ते बाहेरून आलेले, आणि जे बेफिकिरीने मोडते ते जुन्या घराण्यातले, असे दाखवले तर काळ बरोबर पकडला जातो.

कॅरोलस-ड्युरानने काढलेले मिसेस ॲस्टरचे व्यक्तिचित्र मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. वार्षिक नाचाच्या रात्री ती याच चित्राखाली उभी राहून पाहुण्यांचे स्वागत करी. तिच्या हातमोज्याकडे आणि मागच्या अंधाराकडे पाहत अर्धा तास बसावे. वर्णनाची दहा पाने लिहावी लागत नाहीत.

दहावी पायरी: लिहिणे आणि तपासणे

पहिला खर्डा लिहिताना मोठे समारंभ तीनपेक्षा अधिक घेऊ नयेत. प्रत्येक समारंभाआधी आमंत्रणाचे एक आणि समारंभानंतर हिशेबाचे एक दृश्य असावे. खर्डा पुरा झाल्यावर प्रत्येक दृश्याच्या समासात दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: या दृश्याच्या शेवटी कोणाचे दार उघडले किंवा बंद झाले, आणि पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला. दोन्ही रकाने रिकामे राहिले तर ते दृश्य बहुधा झुंबराचे आहे, आणि कितीही सुंदर उतरले असले तरी ते काढावे. दुसऱ्या वाचनात फक्त वस्तू, प्रकाश, वाहने आणि तारखा तपासाव्यात, तिसऱ्यात फक्त संबोधने. ही तीन वाचने एकत्र उरकायला गेले की काहीतरी हमखास निसटते.

शेवटी पुस्तकाच्या अखेरीस दोन पानांची लेखकाची टीप जोडावी. कोणती घराणी खरी व कोणती कल्पित, खऱ्या व्यक्तींच्या तोंडी घातलेले कोणते संवाद लेखकाचे आहेत आणि कोणत्या तारखा कथानकासाठी सरकवल्या, हे तीत सरळ सांगावे. ही टीप हस्तलिखिताबरोबरच प्रकाशकाकडे द्यावी, कारण मुद्रितशोधनाच्या घाईत ती लिहिली तर सरकवलेल्या तारखांपैकी निम्म्या लेखकाला स्वतःलाच आठवत नाहीत.